नवख्या तांत्रिक लेखकांचे प्रशिक्षण आणि त्यांची पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात खराडीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या डॉक्युमेंटेशन गटात, म्हणजे ग्राहकांसाठी वापराच्या पुस्तिका लिहिणाऱ्या गटात, एकाच वेळी तीन नवे लोक घेतले आहेत. कंपनी कारखान्यांतील यंत्रांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर आणि त्यासोबत बसवायचे एक नियंत्रण-उपकरण बनवते. तिघांपैकी एक इन्स्ट्रुमेंटेशनचा अभियंता आहे, दुसरी इंग्रजी वाङ्मयात एम. ए. झालेली आहे आणि तिसरा याच कंपनीच्या सपोर्ट विभागातून आलेला आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचे असून त्यातले तीन संपत आले आहेत. एचआरने भाषा, साधनांचे ज्ञान, उत्पादनाचे ज्ञान, वेळेचे पालन आणि संघभावना असा पाच रकान्यांचा तक्ता पाठवून प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण मागितले आहेत. तक्ता भरला की एम. ए. झालेली मुलगी सर्वांत वर येते आणि सपोर्टमधून आलेला सर्वांत खाली जातो, पण गटप्रमुखांना हा क्रम पटत नाही. प्रशिक्षण कसे द्यावे, मूल्यमापन कशावरून करावे आणि तिसऱ्याला कायम करावे की नाही, हे त्यांना विचारायचे आहे.

हा क्रम आपल्याला पटत नाही, यात नवल नाही. त्या तक्त्यातला एकही रकाना असे विचारत नाही की, लिहिलेला मजकूर हातात घेऊन ज्याला उपकरण बसवायचे आहे, त्याला ते बसवता आले का. माझ्या मते नवख्या लेखकाची पारख दोनच गोष्टींवरून खात्रीने होते: लिहिण्यापूर्वी त्याने कोणते प्रश्न विचारले, आणि लिहून झाल्यावर तिसरा माणूस त्या मजकुराच्या आधारे काम करताना कुठे अडला. बाकीचे रकाने भरावेत, पण त्यांचे वजन या दोहोंच्या खालचे असावे. आणि प्रशिक्षणही याच दोन गोष्टींभोवती बांधावे, कारण जे तपासले जाणार आहे तेच माणूस शिकतो.

भाषेच्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक दिशाभूल तिथेच होते. भाषेची चूक डोळ्यांत भरते आणि ती दाखवायला तपासणाऱ्याला उत्पादन माहीत असावे लागत नाही, म्हणून रिव्ह्यूमध्ये तिच्यावरच सर्वांत जास्त शाई खर्च होते. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांची इंग्रजीतील उपपदे चुकतात, ‘काइंडली’ आणि ‘डू द नीडफुल’ ही कार्यालयीन पत्रांतली सवय सूचनांमध्ये शिरते, चालू वर्तमानकाळ नको तिथे येतो. हे सर्व खरे आहे, पण या चुका मोजक्या साच्यांच्या असतात, चांगल्या संपादकाच्या हाताखाली काही महिन्यांत बऱ्याच कमी होतात, आणि त्यांपैकी फारच थोड्या चुकांमुळे ग्राहकाचे यंत्र बंद पडते. आता तर मजकूर व्याकरणशुद्ध करून देणारी भाषा-प्रारूपे (एआयवर चालणारी लेखन-साधने) प्रत्येकाच्या संगणकावर आहेत. त्यामुळे स्वच्छ इंग्रजी परिच्छेद हा लेखकाला विषय समजल्याचा पुरावा पूर्वी जेवढा होता, तेवढाही आता राहिलेला नाही. गुळगुळीत वाक्यांखाली चुकीची पायरी लपते. मोडक्या वाक्यातली चुकीची पायरी निदान खटकते तरी.

तिघांच्या पूर्वतयारीविषयी आपण जे लिहिले आहे, ते पुण्यातल्या बहुतेक गटांना ओळखीचे वाटेल. अभियंता उत्पादनाच्या रचनेप्रमाणे लिहितो: आधी मेन्यू, मग त्यातले उपमेन्यू, मग प्रत्येक बटणाचे वर्णन. ग्राहकाला मात्र मेन्यू शिकायचे नसून रात्रपाळीत वाजणारा अलार्म थांबवायचा असतो. वाङ्मयाच्या अंगाने आलेली व्यक्ती वाक्य छान जुळवते, परंतु विकासकापुढे, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्यापुढे, आपले अज्ञान उघडे पडेल या धास्तीने ती प्रश्न विचारणे टाळते आणि न समजलेला भाग सफाईने झाकून पुढे जाते. सपोर्टमधून आलेल्याला ग्राहक कुठे अडखळतो हे तोंडपाठ असते, पण तो टिकेटमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या नोंदीत, उत्तर लिहावे तसे तुटक लिहितो आणि वाचणाऱ्याला अर्धे आधीच माहीत आहे असे धरून चालतो. तिघांना एकच अभ्यासक्रम दिला तर प्रत्येक जण आपल्या जमेच्या बाजूवर गुण मिळवतो आणि कच्ची बाजू तशीच राहते.

म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लेखनाचे साधन हातात देऊच नये. उपकरण द्यावे, ते बसवायला लावावे, जाणूनबुजून चुकीची जोडणी करून काय होते ते पाहायला सांगावे आणि प्रत्येक टप्प्यावर काय दिसले याची नोंद वहीत ठेवायला लावावी. सपोर्टकडे आलेल्या जुन्या तक्रारी वाचणे हा याच काळातला दुसरा अभ्यास. यात सपोर्टमधून आलेल्याने इतर दोघांना शिकवावे. त्याचा गटातील दर्जा आपोआप सुधारतो.

याच काळात उत्पादनाबाहेरचा एखादा सराव द्यावा. मी बऱ्याचदा पुणे मेट्रोचा देतो: पुण्यात पहिल्यांदाच आलेल्या माणसाला वनाजहून निघून पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या स्थानकावर उतरायचे आहे, त्याच्यासाठी सूचना लिहा. मार्गिका सिव्हिल कोर्टला बदलावी लागते. वनाज ते रामवाडी ही मार्गिका तिथे उंचावर आहे आणि स्वारगेटकडून पिंपरीकडे जाणारी जमिनीखाली. जवळपास प्रत्येक नवखा लिहितो, ‘सिव्हिल कोर्टला उतरून दुसरी मेट्रो पकडा’, आणि पुढच्या पायरीवर जातो. मग हीच सूचना खरोखर मेट्रोत कधी न बसलेल्या कुणाला, गावाहून आलेला मामा असेल तर फारच उत्तम, हातात देऊन लेखकाने त्याच्या मागे मागे जायचे आणि तोंड बंद ठेवायचे. खाली उतरायचे की वर चढायचे, वाटेत तिकिटाचे फाटक लागले तर त्यातून बाहेर पडायचे का, पुन्हा तिकीट काढायचे का, फलाटावर आल्यावर स्वारगेटची गाडी आणि पिंपरीची गाडी यांत फरक कसा ओळखायचा, चुकीच्या दिशेने बसलो तर काय करायचे, हे सारे प्रश्न त्या एका वाक्याच्या पोटात होते हे लेखकाला तिथे उभ्याउभ्या दिसते. वर्गात ‘वाचकाचा विचार करा’ असे कितीही सांगितले तरी हे दिसत नाही. शिवाय या सरावात भाषेने, पदवीने किंवा अनुभवाने कुणालाच आघाडी मिळत नाही, म्हणून तिघांची तुलना करायलाही तो बरा पडतो.

यानंतर विकासकांशी बोलणे शिकवावे, आणि माझ्या दृष्टीने हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. प्रत्येक बैठकीपूर्वी नवख्याने प्रश्न लेखी काढून आपल्याला दाखवावेत, बैठकीनंतर त्यांची उत्तरे लिहून तीच यादी परत आणावी आणि या याद्या जपून ठेवाव्यात. काही महिन्यांच्या याद्या एकापुढे एक ठेवल्या की माणसाची वाढ जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती मसुद्यांवरून दिसत नाही. सुरुवातीचे प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरे जुन्या पुस्तिकेत किंवा विनिर्देशात (उत्पादन कसे चालावे हे सांगणाऱ्या तांत्रिक कागदात) आधीच छापलेली असतात. यावरून वाचन झालेले नाही एवढे कळते. पुढे ‘हा पर्याय कशासाठी आहे’ अशा धर्तीचे प्रश्न येतात, ते ठीक आहेत. ज्या दिवशी नवखा विचारतो की, ‘नमुने घेण्याचा कालावधी बदलत असताना मध्येच वीज गेली तर उपकरण जुने मूल्य धरून ठेवते की कारखान्यातून आलेले मूळ मूल्य परत घेते, आणि वापरकर्त्याला ते पडद्यावर कळते का’, आणि त्यावर विकासक ‘थांब, बघून सांगतो’ म्हणतो, त्या दिवशी तो लेखक म्हणून उभा राहिला असे मी समजतो. अशा प्रश्नातून पुष्कळदा उत्पादनातला दोषच बाहेर येतो. तो दोष लेखकाच्या नावावर नोंदवला जाईल याची व्यवस्था आपण करावी. विकास गटाकडून मिळणारा मान याने जेवढा वाढतो तेवढा सुबक पुस्तिकेने वाढत नाही.

लेखनाचे नियम यानंतर शिकवावेत, आणि थोडेच शिकवावेत. विमान-देखभालीच्या पुस्तिकांसाठी 1980 च्या दशकात विकसित झालेल्या आणि आज एएसडी-एसटीई100 या नावाने चालणाऱ्या सोप्या तांत्रिक इंग्रजीत कृतीच्या वाक्याला 20 शब्दांची आणि वर्णनाच्या वाक्याला 25 शब्दांची मर्यादा आहे, आणि एका वाक्यात एकच सूचना द्यावी असा दंडक आहे. त्याचा मर्यादित शब्दसंग्रह आपल्या सॉफ्टवेअरला जसाच्या तसा लागू करण्याची गरज नाही, पण या दोन मर्यादा महिनाभर सक्तीने पाळायला लावल्या की अभियंत्याची लांबण आणि वाङ्मयाची नक्षी दोन्ही आटोक्यात येतात. अट आधी आणि कृती नंतर हा क्रम मराठी माणसाला शिकवावा लागू नये, कारण ‘झाकण उघडण्याआधी वीज बंद करा’ हीच आपली स्वाभाविक रचना आहे. तरीही इंग्रजीत लिहिताना हीच माणसे ‘सेवा पुन्हा सुरू करा. त्याआधी चालू असलेली नोंद पूर्ण झाल्याची खात्री करा’ असे लिहितात. वाचणारा पहिले वाक्य वाचून बटण दाबून मोकळा होतो आणि दुसरे वाक्य नंतर वाचतो.

इशाऱ्यांसाठी मात्र स्वतंत्र दिवस काढावा. आपले उपकरण विद्युत पॅनेलमध्ये बसते, म्हणून हा भाग केवळ शैलीचा नाही. धोक्याच्या इशाऱ्यांविषयीच्या अमेरिकेतील झेड 535 या मानकमालिकेनुसार, टाळली नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच अशा परिस्थितीसाठी ‘डेंजर’, तशी शक्यता असेल तर ‘वॉर्निंग’, किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता असेल तर ‘कॉशन’ आणि इजेचा संबंध नसून मालमत्तेचे नुकसान होणार असेल तर ‘नोटीस’ असे शब्द ठरलेले आहेत. नवखे लोक सगळ्यावर ‘नोट’ असे लिहून मोकळे होतात, आणि मग पानावरच्या सात टिपांपैकी जीव वाचवणारी कोणती हे कुणाला कळत नाही. गटाच्या एखाद्या जुन्या पुस्तिकेतील सर्व टिपा कापून काढाव्यात, त्यांची वर्गवारी तिघांना स्वतंत्रपणे करायला सांगावी आणि जिथे तिघांचे एकमत होत नाही तिथे विद्युत विभागातील अभियंत्याला बोलवावे. चाकण-भोसरी पट्ट्यातील आपले ग्राहक जर यंत्रे युरोपात पाठवत असतील, तर युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा 2023/1230 क्रमांकाचा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू होतो हेही नवख्यांच्या कानावर घालावे. त्यात सूचना डिजिटल स्वरूपात देण्याची मुभा आहे, पण सूचना देण्याची जबाबदारी निर्मात्यावरच आहे. पुस्तिका ही विक्रीनंतर जोडायची सौजन्याची वस्तू नसून यंत्राचाच भाग आहे, हे कायद्याच्या तोंडून ऐकले की अधिक पटते.

संकल्पना, कृती आणि संदर्भ असे मजकुराचे प्रकार वेगळे ठेवण्याची शिस्त, जी ओॲसिस या संस्थेने 2005 मध्ये मान्य केलेल्या डिटा या मानकाने रूढ केली, ती साधनाशिवायही शिकवता येते: एक जुने प्रकरण घ्यावे आणि तीन रंगांच्या पेनांनी रंगवायला सांगावे. साधनांविषयी मला फार बोलावेसे वाटत नाही. फ्रेममेकर असो, ऑक्सिजन असो की मार्कडाउन आणि गिट असो, रोज वापरले की ते येते. शहरातल्या अनेक वर्गांच्या जाहिरातींत साधनांची लांबलचक यादी असते आणि ती पाहूनच उमेदवार पैसे भरतात हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना द्यावा इतकी त्याची किंमत नाही.

मसुदे तपासण्याची रीत हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि सर्वाधिक वेळ त्यातच जातो, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे. पहिल्या मसुद्यावर फक्त रचनेविषयी बोलावे: कोणासाठी लिहिले, काय सुटले, कोणता क्रम चुकला. त्या वेळी स्वल्पविराम दुरुस्त केले तर नवखा स्वल्पविरामच दुरुस्त करून परत आणतो. वाक्य आपण स्वतः बदलून देऊ नये. खूण करून शेजारी प्रश्न लिहावा, कारण आपण लिहिलेले वाक्य तो न वाचता स्वीकारतो. आणि सगळ्या दुरुस्त्या निमूटपणे स्वीकारणाऱ्याकडे लक्ष ठेवावे. संपादकाच्या हातून तांत्रिक अर्थ बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे. ‘इथे आपण बदल केल्याने पायरीचा अर्थ उलटा होतो’ असे नम्रपणे पण पुराव्यासह सांगणारा नवखा हवा. आपल्याकडे वयाचा आणि पदाचा मान राखण्याची सवय खोल असल्यामुळे हे आपोआप घडत नाही. ज्याने पहिल्यांदा असे सांगितले त्याचे सर्वांसमोर ऐकून घ्यावे.

आता मूल्यमापन. पानामागे चुका मोजण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण तिने अवघड विषय घेणाऱ्याला शिक्षा होते आणि कडक तपासणाऱ्याच्या वाट्याला आलेला माणूस नाहक मागे पडतो. त्याऐवजी चुकीचा परिणाम पाहावा. वाचणाऱ्याकडून चुकीची कृती घडवणारी चूक, वाचणाऱ्याला अडवून ठेवणारी चूक आणि केवळ वाईट दिसणारी चूक या तीन वेगळ्या जातीच्या आहेत आणि पहिलीची एकही नोंद तिसरीच्या पन्नास नोंदींपेक्षा भारी आहे. दुसरे, चुकांच्या संख्येपेक्षा त्यांची पुनरावृत्ती पाहावी: एकदा दाखवलेली चूक पुढच्या मसुद्यात त्याच रूपात परत आली का. एकाच मसुद्याला दोन जणांनी एकमेकांचे न पाहता असे वर्गीकरण करावे आणि मग बसून तुलना करावी. पहिल्या खेपेला आपले दोघांचेही निकष किती वेगळे होते हे कळेल, आणि ते कळल्याशिवाय गुण देण्यात न्याय नाही.

वाचकाची चाचणी प्रत्येकाची निदान एकदा प्रोबेशन संपण्यापूर्वी व्हावी. टेस्टिंग किंवा विक्री विभागातील, हे उपकरण कधी न बसवलेला माणूस घ्यावा, मजकूर आणि उपकरण त्याच्यासमोर ठेवावे, मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायला सांगावे. लेखकाने शेजारी बसून फक्त नोंद करावी, उत्तर देऊ नये. वाचणारा मागच्या पानावर कुठे गेला, कुठे थांबला, कुठे त्याने अंदाज केला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम चुकीचे होऊनही ते बरोबर झाले असे त्याला कुठे वाटले, हे टिपावे. चाचणीनंतर लेखक जे टिपण लिहितो तेही तपासावे. ‘वाचकाने नीट वाचले नाही’ असा सूर त्यात असेल तर अजून काम बाकी आहे.

भाषा-प्रारूपांच्या मदतीने तयार झालेल्या मसुद्यांमागे किती समज आहे हे पाहण्यासाठी एक साधा उपाय आहे. नवख्याला जे विनिर्देश द्यायचे, त्यात आणि प्रत्यक्ष उपकरणाच्या वागण्यात दोन-तीन ठिकाणी फरक राहू द्यावा. उदाहरणार्थ, नमुने घेण्याचा मूळ कालावधी विनिर्देशात जो दिला आहे त्याहून उपकरणात वेगळा असावा, किंवा कागदावर असलेली एक पायरी उपकरणाला लागतच नसावी. ज्याने उपकरण चालवून पाहिले तो येऊन विचारतो. ज्याने कागद प्रारूपाला देऊन परिच्छेद मिळवला त्याच्या मसुद्यात तो फरक शुद्ध इंग्रजीत जसाच्या तसा उतरलेला असतो. अशी चाचणी होईल हे सर्वांना आधीच सांगावे, कुठे फरक आहे तेवढे सांगू नये. मग ती फसवणूक वाटत नाही.

एचआरचा तक्ता नाकारून उपयोग नाही. त्यातल्या रकान्यांची नावे तीच ठेवावीत, पण प्रत्येकासमोर पुरावा जोडावा. उत्पादनाच्या ज्ञानासमोर प्रश्नांच्या याद्या, भाषेसमोर एकाच प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा मसुदा, संघभावनेसमोर विकासकाने आणि सपोर्टने लिहिलेल्या चार ओळी जोडाव्यात. वेळेच्या पालनाचे गुण तिसऱ्या महिन्यात देऊ नयेत, कारण नवख्याला दिलेल्या कामाचा अंदाज बहुधा आपणच बांधलेला असतो. वाचक-चाचणीचे टिपण कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते ‘शेरा’ या जागेत जोडावे आणि एचआरशी बोलून पुढच्या वर्षी त्याचा रकाना करून घ्यावा.

तिसऱ्याविषयी. आपण दिलेल्या माहितीवरून त्याचे प्रश्न चांगले असतात, तो विकासकांकडे मोकळेपणाने जातो आणि त्याच्या मसुद्यात पायऱ्या सुटत नाहीत, पण वाक्ये तुटक आणि व्याकरण कच्चे आहे. त्याला आता वर्णनाची प्रकरणे देऊ नयेत. समस्या-निवारणाचा विभाग पूर्णपणे त्याच्याकडे द्यावा, कारण तिथे लक्षण, कारण आणि उपाय एवढेच लिहायचे असते आणि तुटक वाक्य तिथे शोभते. आठवड्यातून एक तास त्याला एम. ए. झालेल्या सहकारिणीबरोबर बसवावे; ती त्याची वाक्ये पाहील आणि बदल्यात तिने विकासकांना विचारायचे प्रश्न तो पाहील, म्हणजे दोघांच्याही कच्च्या बाजूवर काम होते. पाचव्या महिन्याच्या शेवटी तिघांचीही वाचक-चाचणी एकाच आठवड्यात घ्यावी. त्यात त्याच्या मजकुरावरून अनोळखी माणसाने उपकरण दुरुस्त करून दाखवले तर सहाव्या महिन्यात कायम करण्याची शिफारस लिहावी आणि भाषेच्या रकान्यात दोनच गुण द्यावेत. जर वाचणारा अडला आणि अडण्याचे कारण वाक्यरचनेतच असेल, तर प्रोबेशन तीन महिने वाढवून मागावे आणि त्या पत्रात कोणत्या चुका कमी व्हायला हव्यात हे उदाहरणांसह लिहावे, म्हणजे त्यालाही आणि एचआरलाही पुढच्या खेपेला नेमके काय पाहायचे ते कळेल.